ऐकणारा गेल्यावर

जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) या छोटेखानी कादंबरीविषयी लिहिताना बहुतेक जण एकच सूत्र पुढे करतात: महामंदीच्या काळातली दरिद्री माणसे, त्यांचे जमिनीच्या तुकड्याचे स्वप्न आणि ते चिरडून टाकणारी व्यवस्था. हे वाचन चुकीचे नाही, पण आम्हांला ते अपुरे वाटते. कादंबरीतला साधा हिशेबच त्याच्या आड येतो.

तो हिशेब असा. जॉर्ज आणि लेनी हे दोन भटके शेतमजूर कॅलिफोर्नियात, सॅलिनास नदीच्या खोऱ्यातल्या एका मोठ्या शेतावर जवाची पोती उचलायला येतात. लेनी देहाने प्रचंड, बुद्धीने लहान मूल. स्वतःची थोडी जमीन, घर, एखादी गाय आणि लेनीसाठी ससे, ही गोष्ट जॉर्ज त्याला पुनःपुन्हा सांगत असतो. जागेची किंमत ६०० डॉलर. दोघांजवळ मिळून १०. मग हात गमावलेला म्हातारा कँडी आपले ३०० डॉलर पुढे करतो. महिनाअखेरचे पगार धरले की ४५० होतात, तेवढ्यावर जागेचा मालक ऐकेल असे ठरते. पुढे लेनीच्या हातून, त्याच्या मनात नसताना, मालकाचा मुलगा कर्ली याची बायको मरते. तेव्हा कँडी जॉर्जला विचारतो, आपण दोघांनी तरी ती जागा घ्यायची ना? लेनीचा पगार वजा केला तरी सुमारे ४०० उरतात. जॉर्ज मात्र महिनाभर राबून मिळालेले पैसे इतर मजुरांसारखेच शहरात उडवण्याची भाषा करतो. हे काही जमणार नाही हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होते, लेनीला ऐकायला इतके आवडे म्हणून आपल्यालाही ते खरे वाटू लागले, अशी कबुलीही तो देतो.

आमच्या मते कादंबरीचा गाभा या कबुलीत आहे. पैसा होता; ऐकणारा गेला. स्टाइनबेकच्या माणसांचे स्वप्न एकटेपणावरचा उतारा म्हणून जन्माला येते, आणि कुणीतरी समोर बसून ऐकत असेल तोवरच ते जगते. कादंबरी ज्या गावाच्या परिसरात सुरू होते त्याचे नाव सोलेदाद. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थच एकाकीपणा. मजुरांच्या खोलीत जॉर्ज पत्ते पिसतो तेही एकट्याने खेळायच्या डावासाठी.

क्रुक्सला हे सर्वांत नेमके कळलेले असते. तो कृष्णवर्णीय, म्हणून इतर मजुरांच्या खोलीत त्याला मज्जाव. तबेल्यालगतच्या खोलीत तो पुस्तके घेऊन राहतो. त्यांत कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याची १९०५ सालची जीर्ण प्रत आहे. आपले हक्क काय हे वाचून ठेवणारा पण ते कुणापुढे मांडू न शकणारा हा माणूस! ऐकणाऱ्याला समजले नाही तरी चालते, माणसाला सोबत कुणी हवे असते, असे तो लेनीला सांगतो. मग त्या जागेवर आपणही फुकट राबू, असे क्षणभर बोलूनही जातो. कर्लीची बायको त्याला फासावर लटकवण्याची धमकी देते आणि तो आपले शब्द मागे घेतो. ती गंमत होती म्हणतो.

ही धमकी देणारी बाईही त्याच दुखण्याची. सिनेमात घेतो म्हणणाऱ्या एका माणसाचे पत्र आलेच नाही, ते आईने दडवले असावे असा तिला संशय, आणि त्या रागातून केलेले लग्न. तबेल्यात ती हे लेनीला सांगते तेव्हा तो सशांविषयी आणि हातून मेलेल्या पिल्लाविषयी बोलत राहतो. दोघेही बोलतात, ऐकत कुणीच नाही. स्टाइनबेक तिला शेवटपर्यंत नाव देत नाही. नवऱ्याची मालमत्ता एवढीच तिची ओळख होती हे त्यातून दिसते, असे समर्थन केले जाते. आम्हांला ते अर्धेच पटते, कारण त्याच शेतावरच्या कुणीही न विचारलेल्या पुरुषांना त्याने नावे दिलीच आहेत. असो.

शेवटी नदीकाठी जॉर्ज लेनीला पलीकडे पाहायला लावतो आणि तीच गोष्ट पुन्हा सांगू लागतो. कर्ली आणि त्याची माणसे शोध घेत जवळ आलेली असतात. त्यांच्या हाती पडून हालहाल होण्यापेक्षा हे बरे, म्हणून गोष्ट ऐकत असतानाच लेनीच्या डोक्यात मागून गोळी घातली जाते. पिस्तूल कार्लसनचे, त्यानेच याच पिस्तुलाने कँडीचा म्हातारा कुत्रा मारला होता, आणि ते काम आपणच करायला हवे होते ही खंत कँडीने जॉर्जजवळ बोलून दाखवली होती. स्लिम जॉर्जला सावरून तिथून घेऊन जातो. या दोघांना कसले एवढे वाईट वाटते आहे, हे कार्लसनला काही केल्या उमगत नाही.