थोरली, मधला, शेंडेफळ: हे शिक्के पुसायला हवेत

थोरलं जबाबदार, मधलं दुर्लक्षित आणि शेंडेफळ लाडावलेलं, हे आपण इतक्या सहज बोलतो की मुलंही तेच खरं मानून वाढतात. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी गेल्या शतकात या समजुतीला सिद्धांताचं रूप दिलं. पुरावा मात्र तिला फारसा आधार देत नाही. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २०,०००हून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जन्मक्रमाचा बहिर्मुखतेशी, भावनिक स्थैर्याशी किंवा कर्तव्यदक्षतेशी संबंध आढळला नाही. बुद्ध्यंकात फरक दिसला, तोही दर क्रमामागे सुमारे दीड गुणाचा.

‘पण घरोघरी तर तसंच दिसतं,’ असा आक्षेप येईल. दिसतं, कारण बारा वर्षांची ताई आणि सहा वर्षांचा धाकटा यांची तुलना होते. तिची समज वयाची असते, क्रमाची नव्हे. शिवाय कुकर लावणं, भावाचा अभ्यास घेणं तिच्याच गळ्यात पडतं. नॉर्वेतल्या २००७ च्या अभ्यासात, थोरलं भावंड तान्हेपणी दगावल्याने ज्येष्ठ म्हणून वाढलेल्या दुसऱ्या मुलांचा बुद्ध्यंक पहिल्या मुलांइतकाच निघाला. फरक करते ती घरात मिळणारी वागणूक. भारतात तर थोरल्या मुलग्याला मिळणाऱ्या झुकत्या मापाची किंमत धाकटी भावंडं उंचीत मोजतात, असं अर्थशास्त्रज्ञ सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी दाखवलं आहे. म्हणून पालकांनी स्वभावाचं भाकीत सोडावं आणि ताट, वेळ, कामं समान वाटावीत.