दैवाला दोष देण्यापूर्वी

चाळिशी-पंचेचाळिशीतला कर्ता माणूस हृदयविकाराच्या झटक्याने अचानक जातो. सांत्वनासाठी जमलेली मंडळी जिन्याखाली उभी असतात आणि त्या कुजबुजीत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, “किती साधा माणूस हो! घरचे जेवण, कसले व्यसन नाही.” आणि दुसरे, “त्यांच्या घराण्यातच आहे ते. वडीलही असेच गेले.” दोन्ही वाक्यांमागचे दुःख खरे असते. परंतु पहिले वाक्य साधेपणालाच आरोग्य समजते आणि दुसरे सारा भार दैवावर टाकून मोकळे होते. मागे राहिलेल्या भावाने, मुलाने, मेहुण्याने उद्यापासून काय करावे, याचे उत्तर दोहोंतही नसते.

हे उत्तर शोधण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत डॉ. सलीम युसूफ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. केरळात जन्मलेला हा भारतीय डॉक्टर बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकला, ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेला आणि पुढे कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात स्थिरावला. तोवर हृदयविकाराविषयीचे बहुतेक ज्ञान पाश्चात्त्य देशांतून आलेले होते. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ मध्ये ५,२०९ रहिवाशांना घेऊन सुरू झालेल्या अभ्यासाने कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांचे हृदयविकाराशी असलेले नाते जगाला समजावून दिले. पण त्या गावातली माणसे बहुतांशी युरोपीय वंशाची. तेथले निष्कर्ष नागपूर, ढाका किंवा नैरोबीच्या माणसाला लागू पडतात का, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

युसूफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात तो हाती घेतला. ५२ देशांतील २६२ केंद्रांतून, पहिलाच झटका आलेल्या १५,१५२ रुग्णांची तुलना त्याच वयाच्या व लिंगाच्या, हृदयविकार नसलेल्या १४,८२० व्यक्तींशी करण्यात आली. सप्टेंबर २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय या नऊ गोष्टींवरून पुरुषांतील ९० टक्के व स्त्रियांतील ९४ टक्के धोक्याचा उलगडा होतो, असे दिसून आले. त्यातही चरबीचे बिघडलेले प्रमाण आणि धूम्रपान या दोहोंचाच वाटा दोन तृतीयांश! खंड बदलला, वंश बदलला, तरी शत्रू तेच राहिले.

कोलेस्टेरॉलविषयी येथे एक बारकावा आहे. कोलेस्टेरॉल रक्तात एकटे फिरत नाही, प्रथिनांच्या वाहनांत बसून फिरते. धमन्यांच्या भिंतीत ते नेऊन साठवणाऱ्या वाहनांवर ‘अपोबी’ नावाचे प्रथिन असते, तर ते परत आणणाऱ्या वाहनांवर ‘अपोए-१’. युसूफ यांच्या चमूने या दोहोंचे गुणोत्तर मोजले आणि सर्व घटकांत तेच सर्वांत प्रभावी ठरले. ‘माझे एकूण कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत आहे’ एवढ्यावर निश्चिंत होणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. नेणारी वाहने किती आणि परत आणणारी किती, यावर धमनीचे भवितव्य ठरते.

सहा वर्षे आधी

याच अभ्यासातील दक्षिण आशियाई माहितीचे विश्लेषण जानेवारी २००७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले लेखक होते नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका येथील १,७३२ रुग्ण व २,२०४ निरोगी व्यक्ती त्यात होत्या. आपल्याकडे पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५३ वर्षे निघाले. इतर देशांत ते ५८.८ होते. म्हणजे जवळजवळ सहा वर्षे आधी. मुलांची शिक्षणे अर्धवट, घराचे हप्ते शिल्लक, आई-वडील वृद्ध, अशा वेळी हा घाव बसतो.

मग आपले रक्तच सदोष आहे काय? अभ्यासाचे उत्तर विचार करायला लावणारे आहे. नऊ घटकांचा हिशेब जमेस धरल्यावर, चाळिशीच्या आत झटका येण्याच्या शक्यतेत आपल्यात आणि इतरांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. शत्रू तेच आहेत, फक्त आपल्या दारात ते लवकर येतात. रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडलेले लोक आपल्याकडच्या ‘निरोगी’ गटातही ४३.८ टक्के होते, इतरत्र ३१.८ टक्के. नियमित व्यायाम करणारे आपल्याकडे अवघे ६.१ टक्के, इतरत्र २१.६ टक्के. रोज फळे व भाज्या खाणारे आपल्याकडे २६.५ टक्के, इतरत्र ४५.२ टक्के.

शेवटचा आकडा विशेष झोंबणारा आहे. शाकाहाराचा अभिमान बाळगणाऱ्या या देशात ‘शाक’ हाच आहारातला सर्वांत उपेक्षित भाग ठरावा! भाताचा डोंगर, पोळ्यांची चळत, वर फरसाण आणि गोड, आणि ताटाच्या कडेला चमचाभर भाजी, याला शाकाहार म्हणणे ही शब्दाची थट्टा आहे. उपवासाचेही तेच. शरीराला विश्रांती देणारे व्रत साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे आणि बटाट्याचा चिवडा यांत कधी हरवले, ते कळलेच नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण उगाच पडलेली नाही.

‘निर्व्यसनी’ या शब्दाचाही असाच पडताळा घ्यायला हवा. आपल्याकडे सिगारेट न ओढणारा माणूस निर्व्यसनी गणला जातो, खिशातल्या तंबाखूच्या पुडीची मोजदाद होत नाही. इंटरहार्टमधून २००६ मध्ये पुढे आलेल्या निष्कर्षांनुसार विडी ओढणाऱ्यांत झटक्याचा धोका जवळजवळ तिप्पट, तर नुसती तंबाखू चघळणाऱ्यांतही दुपटीहून अधिक होता. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण घरातल्या चुन्याच्या डबीवर बंदी घालणे शासनाच्या हाती नसते, ते घरच्यांनाच करावे लागते.

सडपातळ माणसेही ‘मला काय होणार’ म्हणून निश्चिंत असतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक नेमका सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा आपल्याला फसवतो. शिंप्याची टेप पोटाभोवती लावून पाहिली तर ती अधिक खरे बोलते.

दोन टोके टाळावीत

या विषयात समाज दोन टोकांना जातो. एका टोकाला ‘गोळी घेतो ना, मग खायला काय हरकत’ म्हणणारे, तर दुसऱ्या टोकाला ‘कोलेस्टेरॉल हे परदेशी औषध कंपन्यांचे कुभांड आहे’ असे सांगत डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करणारे. कंपन्या नफा कमावतात, हे खरेच. तरीही त्यामुळे धमनीत साचणारी चरबी खोटी ठरत नाही. परंपरेच्या नावाने औषध सोडणे हा परंपरेचा सन्मान नव्हे. युसूफ यांच्या इंटरहार्टनेच सांगितले की धूम्रपान टाळणे, रोज फळे-भाज्या खाणे आणि नियमित व्यायाम या तीन सवयी एकत्र असतील, तर धोका तीन चतुर्थांशाहून अधिक कमी असतो. आणि त्याच युसूफ यांनी भारतासह अनेक देशांत रक्तदाबाची व कोलेस्टेरॉलची औषधे एकाच गोळीत देण्याचे प्रयोगही केले. सवय आणि औषध यांत त्यांना कधी भांडण दिसले नाही.

अनुवंशिकतेला काहीच अर्थ नाही, असेही नव्हे. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मतःच अतिशय वाढलेले असते, तेथे औषधाला पर्याय नसतो. परंतु ‘घराण्यातच आहे’ हे वाक्य हात जोडून बसण्याचे कारण होऊ नये. ज्याचे वडील किंवा काका अकाली गेले, त्याने पन्नाशीची वाट न पाहता ऐन तारुण्यातच रक्तदाब, साखर आणि चरबी तपासून घ्यावी. वारसा कळला, तर सावधही लवकर होता येते.

काही दायित्व समाजाचेही आहे. शाळेतला खेळाचा तास गणिताला देऊन टाकायचा, मैदान वाहनतळाला, पदपथ विक्रेत्यांना, आणि मग तरुणांना चालण्याचा उपदेश करायचा, ही विसंगती आहे. सूर्यनमस्कार घालायला सतरंजीएवढी जागा पुरते. मुलांना धावायला मात्र मैदानच लागते. वॉर्डातले एक मैदान वाचवणे हेही हृदयविकाराविरुद्धचेच काम आहे.

पुढच्या वेळी कुणाच्या दारी सांत्वनाला जाण्याचा प्रसंग आला, तर ‘नशीब’ हा शब्द ओठांवर येण्यापूर्वी मागे राहिलेल्या धाकट्या भावाकडे पाहावे. तेरावे झाले की त्याला हाताला धरून तपासणीला न्यावे. गेलेल्या माणसाच्या स्मृतीला त्याहून मोठी श्रद्धांजली कोणती?