राउटरही प्रयोगशाळेत हवा

अलीकडच्या विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग हमखास आढळतो. कुंडीतील मातीचा ओलावा किंवा गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी मोजायची आणि ती बिनतारी मार्गाने मोबाइलवर दाखवायची. या प्रयोगाचा मेंदू म्हणजे बहुधा ‘ईएसपी ८२६६’ ही चिप बसवलेला आगपेटीएवढा बोर्ड. एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ साली बाजारात आली आणि स्वस्त असल्यामुळे पाहता पाहता शाळाशाळांत पोहोचली.

मात्र पुष्कळदा असे होते, की प्रोग्रॅम बिनचूक असतो, दिवा लुकलुकतो, पण बोर्ड काही वाय-फायला जोडला जात नाही. मग ‘बोर्डच खराब निघाला’ असा निकाल देऊन दुसरा मागवला जातो. तोही जोडला जात नाही! माझे मत असे, की अशा वेळी आधी राउटरची मांडणी तपासावी. आणि ती मांडणी स्वतः करून पाहणे हा भौतिकशास्त्राचा एक उत्तम पाठ आहे.

हे कसे, ते पाहू. आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांत लहरी सोडतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते, हे तुम्ही शिकला आहातच. पहिल्या पट्ट्यासाठी ती सुमारे १२.५ सेंटिमीटर येते, दुसऱ्यासाठी सुमारे ६ सेंटिमीटर. आपल्या बोर्डाच्या कडेला तांब्याची एक नागमोडी रेघ दिसते. ती त्याची अँटेना. ती आणि तिच्यामागचे मंडल फक्त पहिल्या पट्ट्यासाठीच घडवलेले आहे. वटवाघळाचा आवाज ऐकू येत नाही म्हणून आपला कान बिघडला, असे कोणी म्हणत नाही. तसेच येथेही आहे. मोबाइलला दोन्ही पट्टे ‘ऐकू’ येतात, बोर्डाला एकच. राउटरवर २.४ चा पट्टा बंद असेल, तर मोबाइल जोडला जाईल आणि बोर्ड मात्र शोधतच राहील. पट्टा चालू असूनही दोन्हींना एकच नाव दिलेले असेल, तर काही वेळा घोटाळा होतो. उपाय सोपा आहे. २.४ चा पट्टा चालू ठेवावा आणि त्याला वेगळे नाव द्यावे.

दुसरी गोष्ट वाहिन्यांची, म्हणजे चॅनेलची. २.४ च्या पट्ट्यात शेजारच्या दोन वाहिन्यांमध्ये ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, पण एकेका प्रक्षेपणाला जागा लागते सुमारे २० मेगाहर्ट्झ. म्हणून १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. प्रदर्शनाच्या सभागृहात जो तो आपला हॉटस्पॉट चालू करतो, तेव्हा कोणती वाहिनी मोकळी आहे हे पाहून निवड करावी आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. नव्या राउटरवर केवळ ‘डब्ल्यूपीए ३’ ही पद्धत निवडलेली असेल, तर जुने प्रोग्रॅम चालवणारे बोर्ड अडतात. तेथे ‘डब्ल्यूपीए २’ किंवा दोन्हींची मिश्र पद्धत निवडावी. पण बोर्ड जोडला जावा म्हणून पासवर्डच काढून टाकणे हा उपाय नव्हे. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्याकरवी त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. लहान उपकरणाकडे केलेले दुर्लक्ष किती महाग पडते, याचा हा धडा आहे.

आता शिक्षक बंधुभगिनींची शंका मला ठाऊक आहे. शाळेचा राउटर कार्यालयात असतो. मुलांनी त्याला हात लावला आणि कामकाज बंद पडले तर? शंका रास्त आहे. म्हणून माझी सूचना अशी, की प्रयोगशाळेसाठी एक साधा, वेगळा राउटर घ्यावा. त्याला इंटरनेटची जोडणीही नको. बोर्ड आणि मोबाइल त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलू शकतात. फक्त मोबाइलचा डेटा तेवढा बंद ठेवावा. काही बिघडले, तर रीसेटची कळ काही सेकंद दाबून धरली की राउटर मूळ स्थितीत येतो.

२०१६ साली स्थापन झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून अनेक शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाल्या. तेथे बोर्ड आहेत, संवेदक आहेत. पण राउटर मात्र ‘हात लावू नका’ या सदरात राहिला, तर साखळीतील एक कडी विद्यार्थ्याला कायमची अंधारात राहील. स्क्रू गेज पडून बिघडेल म्हणून आपण तो कपाटात कुलूपबंद ठेवतो का?

विद्यार्थी मित्रांनो, राउटर हाती आला, की एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. काय बदलले आणि काय घडले ते वहीत लिहा. नाव, पट्टा, वाहिनी, सुरक्षा, सारे क्रमाने तपासा. एवढे करूनही बोर्ड जोडला गेला नाही, तर खुशाल त्याला दोष द्या. तोपर्यंत निकाल राखून ठेवणे, यालाच शास्त्रीय वृत्ती म्हणतात.