बिनकुत्र्याच्या तबकड्या

भाऊराव कोल्हटकरांचे गाणे आपल्यापैकी कोणीच ऐकलेले नाही. तरीही 'सौभद्रा'तल्या त्यांच्या सुभद्रेचा विषय निघाला, की मराठी माणूस जणू काल रात्रीच पुढच्या रांगेत बसून आल्यासारखी मान डोलावतो. भाऊराव १९०१ च्या आरंभी वारले; आणि ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग आपले यंत्र घेऊन कलकत्त्यास उतरला तो १९०२ च्या अखेरीस. पावणेदोन वर्षांची चुकामूक! नाव राहिले, आवाज गेला. वर्गात नाट्यसंगीताचा पाठ आला म्हणजे येथे हळहळावयाचे, हा आम्हा मराठीच्या अध्यापकांचा शिरस्ताच आहे. परंतु याच्या अगदी उलट असेही एक दुर्दैव असते. आवाज राहतो आणि नाव जाते. त्याबद्दल मात्र कोणी हळहळत नाही. कारण हळहळावयाचे कोणासाठी, हेच ठाऊक नसते.

गौहरजान या बाबतीत मोठी सावध. गाणे संपता संपता ती इंग्रजीतून आपले नाव खणखणीत सांगून मोकळी होई. यात ऐट होती हे खरेच, पण सोयही होती. त्या तबकड्यांचे ठसे जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात निघत, आणि तिथल्या कारागिराला ठुमरी कोणाची आणि टप्पा कोणाचा हे कळावे कसे? तेव्हा गाणाऱ्यानेच नाव सांगावे अशी रीत पडली. पुढे ती रीत मागे पडली आणि नावाचा सगळा भार तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर आला. कागदाचा भरवसा काय सांगावा!

या कागदापायी सर्वांत जास्त नुकसान झाले ते 'यंग इंडिया' छापाच्या गायकांचे, असे माझे मत आहे. हे नाव आज कोणाला आठवत नाही. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३५ ते १९५५ या वीस वर्षांत या छापाची दहा हजारांवर गाणी बाजारात आणली. नाव गांधीजींच्या साप्ताहिकाची आठवण करून देणारे. गायक मात्र बहुतेक हौशी, नाहीतर नुकते उमेदवारी करणारे. सिनेमाची गाणी, भावगीते, थोडे शास्त्रोक्त गायन, शिवाय शाळांसाठी शैक्षणिक तबकड्या, असा सगळा मालमसाला. मोठ्या कंपनीचे गवई मोठे, म्हणून त्यांच्या तबकड्या पुनःपुन्हा निघाल्या, लाँगप्लेवर चढल्या, कॅसेटीत उतरल्या. 'यंग इंडिया'चे उत्पादन थांबले, कारखाना मिटला आणि एकाही तबकडीची दुसरी आवृत्ती निघाली नाही. जे घराघरांत गेले होते तेवढेच काय ते उरले.

असे एक घर आमच्या हिंगोलीत मला सापडले. दसऱ्याच्या प्रदर्शनाची गर्दी ऐन भरात होती, आणि मी एका विद्यार्थ्याच्या पणजीबाईंसमोर पत्र्याची पेटी उघडून बसलो होतो. पेटीत अकरा तबकड्या. म्हातारीने त्यांची वर्गवारी आपल्या पद्धतीने करून ठेवलेली होती.

"ही कुत्र्याची, ही बी कुत्र्याची, अन् ही बिनकुत्र्याची."

बिनकुत्र्याच्या दोन निघाल्या. त्यांतली एक 'यंग इंडिया'ची. चकती कसरीने कुरतडलेली. 'कुमारी' एवढे वाचता येत होते, पुढे भोक.

"आजी, गाणारी कोण होती?"

"काय माहीत लेकरा. नाव लिहेल असंल त्याच्यावर, पण मला कुठं वाचता येतंय? पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली माझं लगीन झालं, तवा ह्यांनी फोनो आणला. बाई लई चांगली म्हणायची बघ. फक्त त्या दिवशी तिला पडसं झालेलं होतं."

फोनोची कमान कधीच तुटलेली. म्हणून म्हातारीने ते गाणे स्वतःच म्हणून दाखवले. दुसऱ्या कडव्यात तिने नाकातला आवाज काढला, आणि एका शब्दावर येऊन तोच शब्द तीनदा म्हटला. तिथे रेघ उडालेली होती, सुई अडकायची. सत्तरांवर वर्षे ती बाई पडशासकट आणि चरासकट या घरात राहिली होती. तिचे नाव तेवढे नव्हते.

असा शोध घेणारे वेडे पीर जगात सगळीकडे आहेत. अमेरिकेत पॅरामाउंट नावाचा तबकड्यांचा एक छाप होता; त्याची मालक खुर्च्या बनवणारी कंपनी. १९३० साली तिने दोन काळ्या गायिकांची ब्लूज गाणी घेतली. तबकड्या मोजक्याच उरल्या, आणि त्या दोघी कोण, कुठल्या, हे बहुतेकांना ऐंशी वर्षे उमगले नाही. एकीचे नाव चकतीवर 'एल्वी' थॉमस असे होते. २०१४ मध्ये तिची हकीकत छापून आली तेव्हा कळले की मूळ नाव नुसतेच 'एल. व्ही.', छापणाऱ्याने ऐकले तसे जोडून लिहिले!

आपल्याकडे हे काम 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या मुंबईच्या मंडळाने १९९० पासून चालवले. श्री. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्राहकांच्या घरी जाऊन 'यंग इंडिया'च्या तबकड्या, सूचीपुस्तके आणि जाहिराती गोळा केल्या व त्यांची संगणकीय नक्कल करून घेतली. पैसा आला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या 'एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम'मधून. 'यंग इंडिया'ला जपायला लंडन धावून यावे, यावर हसावे की काय करावे ते वाचकांनीच ठरवावे!

या कामात सूचीपुस्तकाचे मोल तबकडीपेक्षा तिळभरही कमी नाही. चकती गेली तरी तिच्याभोवती लाखेतच उमटलेला आकडा शाबूत राहतो. कंपनीची छापील सूची हाती असेल तर त्या आकड्यावरून गाणे, गायक, कधी कधी सालही काढता येते. पण तबकडी निदान जपून ठेवण्याची वस्तू. सूची ही वाण्याच्या पुडीची धनीण. तबकड्या फुटल्या, वितळवल्या गेल्या, तरी त्यांच्या मानाने सूच्या अधिक नाहीशा झाल्या.

आणि मला यात एवढा रस का? मी काही गाणारा नव्हे. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. शाळा उर्दूतून, कचेरी उर्दूतून. अशा गावातल्या माजघरात मुंबईची मराठी बोलली-गायली जात होती ती या काळ्या थाळीतून. १९४० सालची एक अप्रसिद्ध मुलगी 'च' कसा म्हणे, 'ळ' कसा घोळवी, हे कोणत्याही व्याकरणात मिळणार नाही. नामवंतांचे उच्चार कमावलेले असतात. हौशी माणूस घरच्यासारखे बोलतो. त्याचे गाव कळले तर त्या गावची मराठी हाती लागते. आणि नावाशिवाय गाव कळत नाही.

आता दिवाळीची झाडलोट सुरू आहे. माळ्यावरून असली पेटी खाली आली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढे करावे. तबकडी स्पिरिटने मुळीच पुसू नये. लाख स्पिरिटात विरघळते. मऊ कोरडे फडके पुरे. थप्पी न लावता उभ्या ठेवाव्यात. चकतीवरची उरलीसुरली अक्षरे आणि दोन्ही बाजूंचे लाखेतले आकडे वेगवेगळे उतरून घ्यावेत, कारण प्रत्येक बाजूचा आकडा निराळा असतो. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल, तर ते गाणे त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्यावे. सुई अडकते तिथे थांबवू नये.