राजी मराठीत कधी बोलणार?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली 'राजी' नावाचा गेम काढला. राजी ही सर्कशीतली मुलगी. राक्षस तिच्या लहान भावाला, गोलूला, पळवून नेतात. मग ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन एकटीच लढते. भिंतीवर पळते, खांबावरून उड्या घेते. आता 'राजी : कलियुग' हा पुढचा भाग जाहीर झाला आहे. मामाच्या मोबाईलवर मी त्याची झलक चार वेळा बघितली. लई भारी!

आमच्या वर्गातली पोरं म्हणतात, मारामारीचे गेम पोरींचे नसतात. मग राजी कोण हाय?

पहिला भाग २०२३ साली मोबाईलवर आला, पण नेटफ्लिक्सला पैसे भरणाऱ्यांसाठीच. नवा भाग मोठ्या कॉम्प्युटरवर नाहीतर टीव्हीला जोडायच्या यंत्रावर चालणार. असं यंत्र नायगावात मी तरी कुणाकडे पाहिलं नाही. आमच्या घरी एकच मोबाईल, तोही बाबा शेतात नेतात.

अजून एक. राजी आधी इंग्रजी बोलायची, २०२२ साली हिंदी बोलू लागली. पुण्यात तयार झालेली पोरगी मराठी कामून बोलत नाही? माझ्या आजीलाही मग गोष्ट कळली असती. पुढच्या भागात तिने एकदा तरी ओरडावं, "कुठं गेलास रे गोलू?"