"रिसर्चने सिद्ध झालंय" असं कोणी म्हणालं, तर पैसे काढण्याआधी हे चार प्रश्न विचारा



मशिनरीच्या प्रदर्शनात जा, मार्केटिंगच्या सेमिनारला बसा, नाहीतर पॅकिंग मटेरियल विकणाऱ्याशी दोन मिनिटं बोला. एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, हे रिसर्चने सिद्ध झालंय." हे वाक्य आलं की समोरचा गप्प होतो. विज्ञानापुढे आपण काय बोलणार? आपण तर बारावी कॉमर्स! मग बुकिंगची रक्कम दिली जाते, कर्जाची फाईल बँकेत जाते, आणि सहा महिन्यांनी मशीन कोपऱ्यात धूळ खात उभं असतं. हप्ता मात्र चालूच राहतो.

दुसऱ्या टोकालाही आपली माणसं आहेत. "ते सगळं पुस्तकी, धंदा अनुभवावर चालतो," असं म्हणून ही मंडळी फुकट मिळणारं ज्ञानही दारातूनच परत पाठवतात.

माझं स्पष्ट मत आहे की हे दोन्ही स्वभाव सारखेच महाग पडतात. संशोधन म्हणजे एका ठरावीक प्रश्नाला, ठरावीक परिस्थितीत मिळालेलं उत्तर. ते उत्तर अगदी बरोबर असू शकतं. पण तुमचा प्रश्न तोच आहे का, हे संशोधकाला माहीत नसतं आणि विक्रेत्याला त्याचं देणंघेणं नसतं. ते तुम्हालाच तपासावं लागतं. त्यासाठी डिग्री लागत नाही, चार प्रश्न लागतात.

प्रश्न १: हा अभ्यास खरंच झालाय का?

सुरुवात आमच्याच प्रशिक्षण क्षेत्रापासून करतो. ही गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल: अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९५३ च्या बॅचमधल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहिली होती, आणि २० वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त निघाली. टाळ्या घेणारी गोष्ट आहे. फक्त असा अभ्यास कधी झालाच नाही. येलने स्वतः शोध घेतला आणि तसं जाहीरही केलं. तरी ती गोष्ट स्टेजवरून स्टेजवर फिरतेच आहे.

ध्येय लिहून काढणं वाईट आहे का? अजिबात नाही, जरूर लिहा. पण जो माणूस न झालेला अभ्यास आकड्यांसकट सांगतो, त्याच्या पुढच्या आकड्यावर तुम्ही पैसे लावणार आहात का? म्हणून पहिलं वाक्य पाठ करून ठेवा: "अभ्यास कोणी केला, कोणत्या वर्षी केला, मला वाचायला मिळेल का?" ज्याच्याकडे खरा कागद आहे तो आनंदाने पाठवतो. ज्याच्याकडे नाही तो विषय बदलतो.

प्रश्न २: कोणावर झाला, कुठे झाला, किती वेळा झाला?

आता एक खरा अभ्यास घेऊ. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या दोन संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग. जागा कॅलिफोर्नियातलं एक उच्चभ्रू किराणा दुकान. टेबलावर जॅम चाखायला ठेवले होते, कधी २४ चवी तर कधी फक्त ६. २४ चवी असताना येणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक टेबलाशी थांबले, पण थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी जॅम विकत घेतला. ६ चवी असताना थांबले ४० टक्के, पण त्यांतल्या ३० टक्क्यांनी खरेदी केली.

यावरून सल्ला निघाला: "व्हरायटी कमी करा, विक्री वाढेल!" तुमचं फरसाणचं दुकान आहे आणि कोणीतरी हा अभ्यास दाखवून सांगतोय की ३० प्रकारांवरून १० वर या. यायचं का?

आधी बारकावा बघा. त्या प्रयोगात स्ट्रॉबेरीसारख्या लोकांच्या सवयीच्या चवी मुद्दाम बाजूला काढल्या होत्या. म्हणजे गिऱ्हाईक अनोळखी चवींसमोर उभं होतं. तुमच्या दुकानात येणाऱ्या काकूंना घरातून निघतानाच माहीत असतं की पाव किलो भाजणीची चकली आणि अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा घ्यायचाय. त्या गोंधळणार नाहीत. उलट चकली बंद केलीत, तर त्या पलीकडच्या दुकानात जातील आणि चिवडाही तिथूनच घेतील.

पुढे काय झालं तेही बघा. २०१० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी याच विषयावरचे ५० प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी जास्त पर्यायांनी नुकसान झालं होतं, काही ठिकाणी फायदा. २०१५ च्या आणखी एका एकत्रित अभ्यासाने चित्र स्पष्ट केलं: पर्याय समजायला अवघड असतील आणि गिऱ्हाईकाला स्वतःची आवड ठाऊक नसेल, तेव्हा जास्त व्हरायटी त्रासदायक ठरते. म्हणजे हा धडा विम्याच्या प्लॅनला किंवा सोलर पॅनेलच्या पॅकेजला लागू पडेल, चकलीला पडायची शक्यता कमी.

जॅमचा अभ्यास खोटा नव्हता. एका प्रयोगाचं ओझं सगळ्या दुकानांवर टाकणं चुकीचं होतं. आणि ही गोष्ट एकट्या जॅमची नाही. २०१५ मध्येच मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा करून बघण्यात आले. मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत ठोस परिणाम दिसला होता, पुन्हा केल्यावर तो फक्त ३६ टक्क्यांत दिसला. त्यामुळे "एका अभ्यासात असं दिसलं" आणि "अनेकांनी अनेक ठिकाणी केलं, तेच दिसलं" यांत जमीन-अस्मानाचा फरक धरा.

प्रश्न ३: अभ्यासाचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच आहे का?

याचं उत्तम उदाहरण आपल्या लासलगावात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये तिथे 'कृषक' हे विकिरण केंद्र सुरू केलं. कांद्याला गॅमा किरणांचा हलका डोस दिला की त्याला कोंब फुटत नाहीत. हे विज्ञान पक्कं आहे, जगभर तपासलेलं आहे.

पण चाळीत कांदा ठेवणाऱ्याला विचारा, तुझं नुकसान कशाने होतं? तो तीन गोष्टी सांगेल: कोंब, सड आणि वजनातली घट. विकिरणाने कोंब थांबतो. सड थांबत नाही आणि पाणी उडून जाऊन होणारी वजनातली घटही थांबत नाही. त्यासाठी चांगली सुकवणी, हवा खेळती असणारी चाळ किंवा शीतगृह लागतंच. वर वाहतूक आणि प्रक्रियेचा खर्च. "विकिरण केलं की कांदा टिकतो" असं अर्धवट ऐकून कोणी पूर्ण प्रकल्प अहवाल बनवला, तर विज्ञान बरोबर असूनही हिशोब चुकणार.

आता तेच केंद्र दुसऱ्या प्रश्नासाठी वापरलं तेव्हा काय झालं बघा. अमेरिकेला आपला आंबा हवा होता, पण फळाबरोबर येणाऱ्या किडीची भीती होती. ठरावीक डोसचं विकिरण दिलं की फळातली कीड पुढे वाढू शकत नाही. २००७ मध्ये भारतीय आंबा अमेरिकेला जायला लागला, तो लासलगावच्या याच केंद्रात प्रक्रिया होऊन. कांद्याच्या गावातलं केंद्र आंब्याच्या निर्यातीचं दार ठरलं. प्रश्न आणि उत्तर जुळलं की धंदा उभा राहतो.

म्हणून कोणतंही तंत्रज्ञान घेण्याआधी एका कागदावर दोन ओळी लिहा. पहिली: हे संशोधन नेमकं काय थांबवतं किंवा वाढवतं? दुसरी: माझे पैसे नेमके कुठे गळतायत? दोन ओळी जुळल्या नाहीत तर बुकिंग करू नका.

प्रश्न ४: चुकलं तर काय जाईल?

आता तुम्ही म्हणाल, सर, मग सगळ्याच रिसर्चवर शंका घ्यायची का? नाही! इथे मी जरा कडक बोलणार आहे.

समजा तुम्ही हवाबंद पाऊचमध्ये तयार भाजी किंवा ग्रेव्ही विकायचं ठरवलंय. अन्नशास्त्रात एक सीमारेषा आहे: पीएच ४.६. पदार्थ यापेक्षा आंबट असेल तर बोट्युलिझमचं जीवघेणं विष बनवणारे जंतू त्यात वाढत नाहीत. पदार्थ कमी आंबट असेल आणि पॅकिंग हवाबंद असेल, तर नुसतं उकळून भागत नाही. दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास ठरावीक वेळ प्रक्रिया करावी लागते. इथे "आमच्या आजीच्या हातची रेसिपी आहे, आजवर कोणाला काही झालं नाही" हे चालणार नाही. आजीची भाजी त्याच दिवशी संपत होती, तुमचं पाऊच सहा महिने शेल्फवर राहणार आहे.

हे कोणा एकाचं मत नाही. अनेक दशकं, अनेक देशांत तपासून ते नियमांत आलेलं आहे. जिथे गिऱ्हाईकाचा जीव, आग, वीज, दाब, रसायन यांचा संबंध आहे, तिथे प्रस्थापित विज्ञान आणि मानकं मुकाट्याने पाळायची. शंका असेल तर मैसूरच्या सीएफटीआरआयसारख्या संस्थेला किंवा आपल्या भागातल्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. या संस्था आपल्याच करातून चालतात, त्यांना विचारण्यात लाज कसली?

आणि जिथे चुकलं तर फक्त चार दिवसांची थोडी विक्री जाईल, म्हणजे डिस्प्ले, पॅकिंगचा रंग, ऑफरची भाषा, तिथे दुसऱ्याच्या रिसर्चवर अडून बसू नका. स्वतः करून बघा.

स्वतःचा प्रयोग: गिनेसच्या माणसाकडून शिका

विल्यम गॉसेट नावाचा एक केमिस्ट १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला लागला. त्याची अडचण तुमच्याआमच्यासारखीच होती: बार्लीचं कोणतं वाण चांगलं हे ठरवायचं, पण हातात नमुने मोजकेच. मोजक्या नमुन्यांवरून कितपत खात्रीने बोलता येतं, याची पद्धत त्याने शोधली. १९०८ मध्ये ती 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली, कारण कंपनी स्वतःच्या नावाने लिहू देत नव्हती. आज जगातल्या प्रत्येक शाखेतले संशोधक त्याची टी-टेस्ट वापरतात. ती जन्मली एका कारखान्याच्या गरजेतून, हे लक्षात ठेवा.

त्यातला आपल्या कामाचा भाग सोपा आहे. १० गिऱ्हाइकांना जुनं आणि नवं पॅकिंग दाखवलं, ७ जणांनी नवं निवडलं. लगेच १०,००० पाऊच छापायला टाकायचे? थांबा. नाणं १० वेळा उडवलं, तरी ७ किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते, म्हणजे साधारण सहात एकदा. हा निव्वळ नशिबाचा खेळ असू शकतो. तेच १०० पैकी ७० जणांनी निवडलं, तर नशीब म्हणायला जागाच उरत नाही.

दुसरी काळजी: दिवाळीच्या आठवड्यात नवं पॅकिंग आणि नंतरच्या मंदीत जुनं, अशी तुलना करू नका. एक दिवस नवं, एक दिवस जुनं, असं निदान चार आठवडे आलटून-पालटून ठेवा. बाजाराचा वार दोघांच्याही वाट्याला सारखा येऊ द्या. वहीत रोज दोन आकडे लिहा: किती जण आले, किती जणांनी घेतलं. आणि निकाल मनासारखा आला नाही तरी तो खोडू नका.

या आठवड्याचं होमवर्क: तुमच्या धंद्यातला असा एक निर्णय निवडा, जो तुम्ही "रिसर्च सांगतो" म्हणून घेतलाय किंवा घेणार आहात. त्याला हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं कमेंटमध्ये लिहा. निवडक उत्तरांवर पुढच्या व्हिडिओत बोलू. तोवर बुकिंगची रक्कम खिशातच राहू द्या.