खुनी कोण ते आधीच सांगू नका!

संपादक महोदय,


गेल्या अंकातील ‘रहस्यकथा की वाचकाची फसवणूक?’ हे पत्र वाचले. शेवटच्या प्रकरणात उगवणारा खुनी, गुप्तहेराने स्वतःपाशीच दडवलेला पुरावा, ऐनवेळी निघणारा जुळा भाऊ, या तक्रारी रास्तच आहेत. रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरूने १९२९ मध्येच नियम घालून दिले होते : गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच दिसला पाहिजे आणि गुप्तहेराच्या हाती लागलेला धागा वाचकालाही कळला पाहिजे.

पण याच फुटपट्टीने मराठी रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांना मोजणे अन्यायाचे आहे. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड हे नायक कोडी घालायला आलेच नव्हते. वाचकाला हवा असे तो पाठलाग, वेषांतर आणि शिताफीने केलेली सुटका. तिथे योगायोग खपून जातो. कोड्याचा आव आणून योगायोगावर वेळ मारून नेणारा लेखक मात्र खटकतो.

खरा वैताग निराळाच. सिल्वासातल्या एका वाचनालयातून आणलेल्या अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीच्या अनुवादात कुणीतरी पहिल्याच प्रकरणात एका नावाभोवती पेन्सिलीने गोल करून ‘हाच तो!’ असे लिहून ठेवले होते. हल्ली मलपृष्ठावरचा मजकूर आणि परीक्षणेही हाच उद्योग करतात. आणि पत्रलेखकांनी तरी काय केले? उदाहरणादाखल दोन कादंबऱ्यांचे शेवट सांगून टाकले! त्यातली एक मी अर्धीच वाचली आहे.

अशा मजकुराला यापुढे कात्री लावावी, ही विनंती.

— एक वाचक, सिल्वासा (दादरा व नगर हवेली)